विश्लेषण : पायाळू बाळ कायरोप्रॅक्टिकने फिरते का?

गर्भात डोक्याऐवजी पाय किंवा कुल्ले खाली असलेल्या बाळाला पायाळू म्हणतात. कायरोप्रॅक्टिकच्या ‘वेब्स्टर तंत्रा’ने असे बाळ फिरते आणि सिझेरियन टळते, असा दावा केला जातो. त्यात तथ्य किती?

किती बाळे पायाळू असतात?
२८व्या आठवड्याच्या सुमारास चार-पाचपैकी एक बाळ पायाळू असते. बहुतेक बाळे आपोआप फिरतात. दिवस भरेपर्यंत हे प्रमाण ३ ते ४ टक्क्यांवर येते. त्यामुळे मधल्या काळात केलेला कोणताही उपाय लागू पडल्यासारखा वाटतो.

वेब्स्टर तंत्र काय आहे?
अमेरिकी कायरोप्रॅक्टर लॅरी वेब्स्टर यांच्या नावाने ते ओळखले जाते. यात माकडहाडाच्या वरच्या हाडावर हलका दाब देतात आणि ओटीपोटातील ताण कमी करतात. त्यामुळे बाळाला फिरायला जागा मिळते, असा तर्क आहे.

पुरावा काय सांगतो?
२००२ मधील एका सर्वेक्षणात ८० टक्क्यांहून अधिक यश नोंदले गेले. मात्र, प्रश्नावली पाठवलेल्या १,०४७ कायरोप्रॅक्टरपैकी केवळ १८७ जणांनी उत्तर दिले. उपचार न घेतलेल्या महिलांशी तुलनाही नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या कायरोप्रॅक्टिक मंडळाने तर २०१६ मध्येच, पायाळू बाळ फिरवण्याचा उपचार म्हणून ही सेवा देऊ नये, असे बजावले.

डॉक्टर काय करतात?
पोटावरून हाताने बाळ फिरवण्याच्या पद्धतीला ‘ईसीव्ही’ म्हणतात. पहिलटकरणीसाठी साधारण ३६व्या, तर इतरांसाठी ३७व्या आठवड्यापासून ती करता येते. निम्म्या महिलांमध्ये यश येते. सुमारे २०० पैकी एकीला तातडीचे सिझेरियन लागू शकते, म्हणून ती रुग्णालयातच, सोनोग्राफी करून आणि बाळाचे ठोके तपासत केली जाते. वार खाली असेल, तर ती करत नाहीत. बाळ फिरले नाही, तर नियोजित सिझेरियन किंवा अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली नैसर्गिक प्रसूती, हे पर्याय उरतात.

काय लक्षात ठेवावे?
खरा धोका वेळ दवडण्याचा आहे. मालिश किंवा दाबाच्या उपचारांत दोन-तीन आठवडे गेले, तर ईसीव्हीची योग्य वेळ निघून जाऊ शकते. ३६व्या आठवड्यात बाळ पायाळू असेल, तर ईसीव्हीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. कंबरदुखीसाठी असे उपचार घेतानाही त्यांना कल्पना द्यावी. अंगावरून पाणी किंवा रक्त गेले अथवा बाळाची हालचाल मंदावली, तर तडक रुग्णालय गाठावे. पायाळू बाळाच्या बाबतीत पाणी गेल्यावर नाळ खाली सरकण्याचा धोका अधिक असतो.