हलाल तर आहे, पण तय्यब आहे का? मोहल्ल्यातला स्वस्त खाऊ पारखायचा कसा

खाण्याच्या गाडीवर आपण एकच प्रश्न विचारतो, "भाई, हलाल है ना?" समोरच्याने मान डोलावली की आपलं समाधान होतं आणि पोरांच्या हातात प्लेट येते. हा प्रश्न रास्त आहे, तो विचारायलाच हवा. पण सूरह अल-बकरहच्या १६८व्या आयतीत खाण्याविषयी सांगताना हलालच्या जोडीला 'तय्यब' हा शब्दही आला आहे. तय्यब म्हणजे पाक, स्वच्छ, चांगलं. पहिला शब्द आपल्या घरातल्या लहानग्यांनाही ठाऊक असतो. दुसरा मात्र गाडीपाशी कुणाला आठवत नाही.

आम्ही शिक्षक आहोत. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर मुलं काय खातात ते रोज डोळ्यांसमोर असतं. पावसाळा लागला की गैरहजेरी वाढते आणि चिठ्ठीत कारणं ठरलेली असतात: जुलाब, कावीळ, टायफॉइड. म्हणून आम्ही चौघांनी ठरवलं, एक आठवडा मगरिबनंतर मुंब्रा-कौशात फिरायचं आणि साठ रुपयांच्या आत जे मिळेल ते खाऊन बघायचं. नुसतं चाखायचं नाही, तर ते बनतं कसं हेही उभं राहून पाहायचं.

एक गोष्ट आधीच सांगतो. या गाड्या चालवणारे आपलेच लोक आहेत. कुणी आमच्या वर्गातल्या मुलाचे अब्बू, कुणी घरी समोसे भरून पाठवणारी विधवा खाला. त्यामुळे "बाहेरचं खाणं बंद" असं फर्मान काढणं सोपं असलं तरी योग्य नाही. पारख करायला शिकणं हाच खरा मार्ग आहे. पदार्थ स्वस्त मिळतो तेव्हा कुठेतरी पैसा वाचवलेला असतो. तो कुठे वाचवला, एवढं ओळखता आलं की पुरे.

तेल: कढईत डोकावून बघा

वडापाव, समोसा, भजी, चिकन पकोडा या सगळ्यांत महाग वस्तू तेल. त्यामुळे बचतही तिथेच होते. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की ते बिघडतं, त्यात 'टोटल पोलर कंपाउंड' नावाचे घातक घटक वाढत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) १ जुलै २०१८ पासून याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढचं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. मोठ्या हॉटेलांनी असं तेल बायोडिझेल बनवणाऱ्यांकडे द्यावं अशी योजनाही त्याच वर्षी सुरू झाली, कारण वापरलेलं तेल स्वस्तात छोट्या गाड्यांवर पोहोचण्याचा धोका असतो.

आपल्याकडे मोजायचं यंत्र नाही, पण डोळे आणि नाक आहेत. तेल काळपट आणि घट्ट झालंय, वर फेस येऊन तो बसत नाही, मंद आचेवरही धूर निघतो, वासाने घशात खवखवतं, तर ते तेल संपलेलं समजा. जुन्या तेलात नवं ओतलं म्हणून जुनं सुधारत नाही. आम्ही एका गाडीवर समोसा पाव खाल्ला, पंधरा रुपयांत. तेल सोनेरी होतं, तळ दिसत होता. कुरकुरीत कवच, आत आलं-मिरचीची झणझणीत भाजी. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या कढईचा तळ काही केल्या दिसेना. तिथे आम्ही काही घेतलं नाही.

रंग: लालभडक म्हणजे चविष्ट नव्हे

चायनीज भेळ, मंचुरियन, चिकन लॉलीपॉप, सीख कबाब. मुलांची उडी इथेच पडते, कारण रंग. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियन आणि 'बुढ्ढी के बाल' यांत कृत्रिम रंग वापरायला बंदी केली आणि जूनमध्ये कबाबलाही तोच नियम लावला. तपासणीत रोडामाइन-बी हा रंगही सापडला होता. हा रंग कापड आणि कागदासाठीचा आहे, खाण्यात त्याला परवानगीच नाही. खाण्याचे म्हणून जे कृत्रिम रंग मान्य आहेत, तेही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणातच चालतात.

घरी करून बघण्यासारखी एक परीक्षा सांगतो. लाल मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. बहुतेक कृत्रिम रंग मात्र पाण्यात लगेच सुटतात. मंचुरियनचा एक तुकडा साध्या पाण्याच्या वाटीत टाका. पाणी झटकन लाल-गुलाबी झालं तर रंग डबीतला आहे असं समजायला हरकत नाही. (बीट घातलं असेल तरी पाणी लाल होतं, तेवढं विचारून घ्या.) बोटांचा रंग साबणानेही जात नसेल तर वेगळ्या परीक्षेची गरजच नाही.

आम्ही एका चाचांना विचारलं, रंग का घालता? ते म्हणाले, "सर, कलर नहीं डाला तो बच्चे बोलते हैं, चाचा, आज फीका बनाया।" या उत्तरावर आपण सगळ्यांनी विचार करायला हवा. लाल रंगाची मागणी आपणच केलेली आहे. आपण बिनरंगाचं मागायला लागलो तर रंगाची डबी विकत घेण्याचा चाचांचाही खर्च वाचेल.

शोरमा: सगळ्यात जास्त काळजी इथे

मे २०२४ मध्ये मुंबईच्या मानखुर्द-ट्रॉम्बे भागात गाडीवरचा चिकन शोरमा खाऊन १९ वर्षांच्या तरुणाचा जीव गेला. विकणाऱ्या दोघांना अटक झाली. त्याआधी मे २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाल्ल्यानंतर एका शाळकरी मुलीचा इंतकाल झाला होता. दोन्ही घरांत मुलं हौसेने खायला गेली होती.

असं का होतं ते समजून घेऊ. शोरम्याचा गोळा बाहेरून भाजतो, आतलं मांस बराच वेळ कच्चं किंवा नुसतं कोमट असतं. गिऱ्हाईक कमी झालं की गॅस मंद करतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात आणि संध्याकाळभर गोळ्याचा आतला भाग नेमका त्यातच राहतो. रात्री उरलेला गोळा दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवला तर धोका आणखी वाढतो. वरून मेयोनीज. ते कच्च्या अंड्याचं असेल आणि उन्हात उघडं असेल तर साल्मोनेला नावाच्या जंतूला आयती जागा मिळते. केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी आणली, ती यामुळेच.

मग शोरमा खायचाच नाही का? खायचा असेल तर तीन गोष्टी बघा. गर्दीची वेळ धरा, म्हणजे गोळा ताजा आणि आच मोठी असते. कापलेलं चिकन तव्यावर पुन्हा परतून द्यायला सांगा. मेयोनीज नको म्हणा, त्याऐवजी हिरवी चटणी किंवा लिंबू-कांदा घ्या. आम्ही असाच बनवून घेतला. चाचांनी कुरबूर केली नाही, उलट चिकन तव्यावर खमंग झालं. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना मात्र गाडीवरचा शोरमा न दिलेला बरा.

पाणी आणि बर्फ

पाणीपुरी, सरबत, बर्फाचा गोळा, फालुदा. यांत काहीच शिजत नाही, म्हणून पाणी जसं असेल तसं पोटात जातं. कावीळ आणि टायफॉइड पसरतात ते बहुतेक असेच. बर्फाबद्दल एक नियम फार कमी लोकांना माहीत आहे. मासे वगैरे थंड ठेवण्यासाठीचा, न खाण्याचा बर्फ निळसर करावा आणि खाण्याचा बर्फ बिनरंगाचा असावा, असं २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ठरवलं. सरबताच्या गाडीवर निळसर लादी दिसली तर पुढे चला. पावसाळ्याचे चार महिने बाहेरचं पाणी आणि बर्फ टाळलेलं उत्तम. शेवपुरी किंवा सुकी भेळ घेतली तरी चटणी ओलीच असते, ती कमी घाला म्हणा.

आणि हो, वर्तमानपत्राचा कागद. छपाईची शाई गरम, तेलकट भज्यांना लागते. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला २०१८च्या नियमांनुसार मनाई आहे. कोरा कागद किंवा पानाचा द्रोण मागा, नाहीतर घरून डबा न्या.

स्वस्तात चांगलं काय मिळालं?

खूप काही मिळालं. आमचा साधा हिशोब असा: जे समोर आगीवरून उतरतं, जे सोलून खायचं असतं आणि जे कोरडं असतं, ते बहुधा सुरक्षित असतं. कोळशावर भाजलेलं कणीस, गरम वाळूतले शेंगदाणे, उकडलेली अंडी, समोर फोडून केलेलं ऑमलेट-पाव, केळी. मशिदीच्या बाजूला एक खाला वाफाळता चणा विकतात, वर कांदा, लिंबू आणि काळं मीठ. कांदा त्या आमच्यासमोर कापत होत्या. वीस रुपयांत पोट भरलं आणि आठवड्यातली सगळ्यात चांगली चवही तिथेच लागली. थंडीत पायाचं सूप उकळत्या पातेल्यातून मिळतं, तेही निर्धास्त प्यावं.

आता आपण काय करायचं?

छोट्या गाडीवाल्यालाही एफएसएसएआयची नोंदणी करावी लागते. त्याचा १४ अंकी क्रमांक असतो. तो दिसत नसेल तर रागावू नका. अनेकांना नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरता येत नाही. आपल्या घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी अर्ध्या तासात तो भरून दिला तर तेही सवाबचं काम आहे. शाळांसाठी २०२०चे नियम आहेत. त्यानुसार फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, साखर, मीठ असलेले पदार्थ विकता येत नाहीत. पालक-शिक्षक सभेत हा मुद्दा जरूर काढा आणि त्याच गाडीवाल्यांना चणे, कणीस, फळं ठेवायला सांगा, म्हणजे त्यांचा धंदाही बुडणार नाही.

समजावूनही कुणी कुजकं विकत असेल, तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करता येते. पण त्याआधी एकदा प्रेमाने बोलून बघा. "चाचा, तेल बदला, आम्ही पाच रुपये जास्त देऊ," असं दहा घरांनी म्हटलं तर कढई बदलते. आम्ही म्हणून पाहिलं. समोशाच्या एका गाडीवर आता तेल एक दिवसाआड बदलतात आणि समोसा पाव पंधराऐवजी अठराला मिळतो. गर्दी कमी झालेली नाही.