चार सळया आणि जमिनीतली ओल

ऑक्सफर्डशायरमधल्या डॉर्चेस्टरला थेम्सकाठची खडी उपसली जात होती. विमानातून काढलेल्या फोटोंत तिथल्या पिकांमध्ये गोल, लांबट खुणा दिसत. नवाश्मयुगातल्या माणसांनी खणलेले चर होते ते. खाण पुढे सरकण्याआधी ते नेमके कुठे आहेत हे कळायला हवं होतं. १९४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी अर्थिंग तपासायचं यंत्र त्या शेतात आणलं.

एका रेषेत, सारख्या अंतरावर चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांमधला दाब मोजायचा. हँडल फिरवायचं, काटा स्थिरावला की आकडा वहीत उतरवायचा, सळया उपटायच्या, पुढे ठोकायच्या. चरात साचलेली माती ओल धरते, त्यामुळे तिथे विजेला होणारा रोध उतरतो. कोरड्या खडीवर तो चढतो. आकड्यांचा आलेख काढला की चार-पाच हजार वर्षांपूर्वीचा चर रेघेतला खळगा होऊन समोर येई. मला या सगळ्यात त्या वहीचं फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे बोअरसाठी पाणी बघायला येतात, तेव्हाही रोध असाच मोजतात. फक्त खोलवरचं कळावं म्हणून सळया लांब लांब नेतात. पुरातत्त्वाला बहुधा वरचा हात-दीड हातच पुरतो.

१९५६ मध्ये अँथनी क्लार्क आणि जॉन मार्टिन यांनी ट्रान्झिस्टरवर चालणारं हलकं यंत्र तयार केलं. विल्टशायरमधल्या क्युनेटियो या रोमन नगरीत ते वापरलं गेलं. तरी माझ्या मते खरी कलाटणी मिळाली ती पुढे, सळयांची मांडणी बदलल्यावर. दोन सळया दूर, एकाच जागी रोवलेल्या. दोन अर्ध्या मीटर अंतराने चौकटीला जोडलेल्या. चौकट उचलायची, टेकवायची, की झालं. वीस मीटरच्या चौकोनात मीटरगणिक एक म्हटलं तरी ४०० आकडे. ऐंशीच्या दशकात यंत्रं ते आकडे स्वतःच साठवू लागली आणि एकेका रेघेच्या जागी अख्खा नकाशा आला: भिंती, खोल्या, रस्ते. नव्वदच्या दशकापासून अनेक सळयांची रांग लावून जमिनीचा उभा छेदही संगणकावर बघता येऊ लागला.

ओल मात्र तेव्हाही ऋतूवर होती, आजही आहे. सगळंच सारखं भिजलं की चर नकाशातून पुसला जातो; जमीन वाळू लागली की तोच पुन्हा उमटतो.

डॉर्चेस्टरच्या उत्खननाचा अहवाल १९५१ मध्ये छापला गेला. ते चर बहुतेक खाणीतच गेले.