डबा आणि आतला माल : फाईलच्या रूपांतराविषयी थोडेसे

फाईलच्या नावाचे शेपूट पाहून आपण तिची जात ठरवतो. परंतु एमपीफोर, एमकेव्ही ही नावे वस्तुतः डब्यांची आहेत. डब्यात चित्र व आवाज कोणत्या रीतीने दाबून भरले, ही बाब निराळी. त्या रीतीला कोडेक म्हणतात. पुष्कळदा नुसता डबा बदलून भागते. आतला माल तसाच राहतो, गुणवत्ता तसूभरही घटत नाही आणि काम चटकन उरकते. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना ही सोय त्यात आहे का, हे मी प्रथम पाहते.

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो आजीच्या ओव्यांमुळे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. आजीला अक्षरओळख नव्हती. तिचे सारे भांडार तोंडी. जात्यावरच्या तिच्या ओव्या काकांनी बटणांच्या मोबाईलवर घेऊन ठेवल्या होत्या. आजी आता नाही, आणि त्या एएमआर फायली वडिलांच्या नव्या फोनवर वाजेनात.

एएमआर ही रीत मुळात फोनवरील बोलण्यासाठी बनलेली. तिच्या साध्या प्रकारात सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने घेतात, सीडीवर ४४,१००. एका संकेतस्थळावर 'आवाज एचडी करून मिळेल' अशी जाहिरात होती. जे टिपलेच गेले नाही ते येणार कोठून? ताकाचे का कधी दूध होते! शिवाय तेथे फाईल आधी त्यांच्या यंत्रावर पाठवावी लागते. घरचा आवाज परक्याच्या हाती का द्यावा?

मी एफएफएमपेग निवडले. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थांनी २००० साली ते सुरू केले; ते विनामूल्य असून त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. आज्ञा टंकून द्याव्या लागतात, तेव्हा आम्हा कला शाखेवाल्यांना प्रथम धडकी भरते. पण एक ओळ जमली की तीच थोड्या फेरफाराने सर्वत्र चालते. ज्यांना बटणेच बरी वाटतात त्यांच्यासाठी व्हीएलसी आहे. त्याचा आरंभ पॅरिसमधील विद्यार्थ्यांनी केला, हे आपल्या वार्षिकात नमूद करण्याजोगे! हँडब्रेकही चांगले, पण ते चित्र नेहमी नव्याने दाबते आणि केवळ आवाजाच्या फायलींना उपयोगी नाही.

जपणुकीसाठी मी वेव्ह प्रती केल्या. त्यात आवाज आणखी दाबला जात नाही, आणि आजीच्या एका मिनिटाला जेमतेम एक एमबी लागते. आत्यांना एमपीथ्री पाठवल्या. मूळ एएमआर फायली मात्र पुसल्या नाहीत. त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत.