तिकिटावरचा ठिपका

कुंडलिकेच्या एका काठावर रोहा, दुसऱ्या काठावर आमची अष्टमी. इथल्या जुन्या पेट्यांतून पाकिटं अजून निघतात, आणि सोबत एक समजही: तिकिटावर काही वेगळं दिसलं की ते लाखाचं!

हा समज निघाला १८५४च्या चार आण्यांतून. कलकत्त्यात ते तिकीट दोन खेपांत छापलं जाई, चौकट लाल आणि राणीचं डोकं निळं. काही ताव उलटे लागले आणि व्हिक्टोरिया शीर्षासनात गेली. ती तिकिटं आज मोजकीच उरली आहेत, म्हणून महाग. नुसत्या चुकीला कोण विचारतो? १९४९ साली एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाचं चित्र आरशात दिसावं तसं उलटं छापलं गेलं. चूक सगळ्याच तिकिटांवर होती. १९५०मध्ये ती सुधारली. पण उलटा बोधिसत्त्व आजही सहज मिळतो.

परवा शेजारच्या काकू त्याच मालिकेतलं नऊ पैचं तिकीट घेऊन आल्या. त्यावर त्रिमूर्ती, आपल्या जिल्ह्यातल्या घारापुरीची. कपाळावर ठिपका. "छपाईची चूक ना रे?" भिंग लावलं. तिकीट हिरवं, ठिपका काळा. त्याच काळ्या शाईचा फराटा दात्यांवरून खाली पाकिटावर उतरलेला. पोस्टाचा शिक्का, दुसरं काय!

छपाईच्या पाट्यावर ओरखडा असेल तर तो प्रत्येक तावात त्याच जागी उमटतो. म्हणून एका तिकिटावरून निकाल देऊ नये. तोच डाग, तिथेच, दुसऱ्या प्रतीवर सापडला तर पाट्याचा दोष. कागदावर धूळ बसून किंवा घडी पडून उठलेली खूण पुन्हा दिसत नाही. तिचेही शौकीन असतात, पण ती गोष्ट वेगळी.

दाते नसलेलं सुटं तिकीटही मी पुरावा मानत नाही. रुंद कडेचं तिकीट कात्रीने कापलं की झालं. मधे दाते नसलेली जोडी दाखवा, मग बोलू. 'रंग छापायचा राहिला' म्हणतात तो बहुतेकदा उन्हाने उडालेला असतो, आणि पिवळे-तपकिरी डाग आमच्या कोकणातल्या दमटपणाचे.

काकू तिकीट पाण्यात सोडवायला निघाल्या होत्या. म्हटलं, थांबा, रोह्याच्या शिक्क्यातली तारीख अर्धी तिकिटावर आहे आणि अर्धी पाकिटावर.