इंग्लंडचे पत्र : म्हातारपणाचा घरमालक

लीड्स : दसरा झाला की घाटनांदूरच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून कोयत्याच्या जोड्या ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शेरडं-करडं. म्हणून ‘विलायतेत आईबापाला आश्रमात टाकतात’ असं गावाकडचं कुणी म्हणालं की मी गप्प बसतो. इथं भांडण वेगळंच आहे: बिल कोण भरणार आणि इमारत कुणाची?

१९८० च्या आधी इथले बहुतेक वृद्धाश्रम पालिकांचे होते. थॅचरबाईंच्या काळात खासगी आश्रमातल्या गरिबाचं बिल सरकारी भत्त्यातून भागू लागलं आणि खासगीवाल्यांचं पेव फुटलं. १९९३ पासून हा पैसा पालिकांकडे आला. पालिकाही खाटा बाहेरूनच घेऊ लागल्या. आज बहुतांश खाटा कंपन्यांच्या, काही एमएचएसारख्या चर्चशी नातं असलेल्या धर्मादाय संस्थांच्या. पालिकांच्या स्वतःच्या उरल्यात थोड्याच.

सदर्न क्रॉस ही एकेकाळी त्यातली सर्वांत मोठी कंपनी होती. २००४ साली ती ब्लॅकस्टोन या अमेरिकन गुंतवणूकदार कंपनीनं घेतली. रीत अशी, की इमारती विकायच्या, त्याच भाड्यानं घ्यायच्या आणि धंदा वाढवत न्यायचा. भाडं दरवर्षी चढतं ठरलेलं. इकडे पालिकांनी हात आखडला, खाटा रिकाम्या राहू लागल्या. २०११ मध्ये कंपनी कोसळली तेव्हा तिच्या सुमारे ७५० आश्रमांत ३१ हजार वृद्ध होते. दुसऱ्या चालकांनी आश्रम हाती घेतले म्हणून निभावलं. ब्लॅकस्टोन मात्र नफा गाठीला बांधून केव्हाच बाहेर पडली होती! आता २०१४ च्या कायद्यानं मोठ्या चालकांचे हिशेब सरकारी नियामक तपासतो.

बिलाचं म्हणाल, तर २३,२५० पौंडांहून जास्त मालमत्ता असली की खर्च ज्याचा त्यानं करायचा. माणूस एकटा असेल तर सहसा राहतं घरही त्यात धरतात. त्याच आश्रमात पालिका देते त्यापेक्षा स्वतः भरणाऱ्याला सरासरी ४१ टक्के जास्त मोजावे लागतात, असं स्पर्धा नियामकाला २०१७ मध्ये आढळलं. हा उघड अन्याय आहे.

आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्याला किमान १५० निराधारांसाठी आश्रमाची तरतूद आहे. पण सरकारला ती मुभा आहे, सक्ती नाही. त्यामुळे संस्था आणि उद्या कंपन्याही येणारच. देणगीची पावती फाडण्याआधी किंवा अनामत भरण्याआधी एवढं विचारा: सातबारा कुणाच्या नावावर आहे?