हॉर्न, लीना

हॉर्न, लीना : (३० जून १९१७–९ मे २०१०). ख्यातनाम अमेरिकन गायिका, रंगमंच-कलावती व चित्रपट-अभिनेत्री. संपूर्ण नाव लीना मेरी कॅलहून हॉर्न. अमेरिकेतील ‘पारंपरिक पॉप’ या गायनप्रकारातील ती एक अग्रगण्य गायिका होती. हॉलिवुडमधील मोठ्या चित्रपटसंस्थेने दीर्घ मुदतीच्या कराराने बांधून घेतलेल्या आरंभीच्या कृष्णवर्णीय कलावंतांत तिची गणना होते. वर्णभेदाने तिच्या कलेवर घातलेल्या मर्यादा आणि त्या मर्यादांशी झगडताना घडत व बदलत गेलेली तिची गायनशैली, या दोन्ही दृष्टींनी तिची सहा दशकांहून अधिक काळाची कारकीर्द लक्षणीय ठरते.

पारंपरिक पॉप ही संज्ञा स्थूलमानाने १९२० ते १९५५ या काळातील अमेरिकन जनप्रिय गीतांना व ती गाण्याच्या पद्धतीला लावली जाते. ही गीते मुख्यत्वे ब्रॉडवेवरील संगीतिका व हॉलिवुडचे बोलपट यांसाठी जेरोम कर्न, कोल पोर्टर, हॅरल्ड आर्लेन आदी व्यावसायिक संगीतकारांनी रचली. गीताचा मुख्य भाग बहुधा आठ-आठ तालखंडांच्या चार चरणांत बांधलेला असे. एकच गीत अनेक गायक गात असल्यामुळे गायकाचे कौशल्य नव्या रचनेत नव्हे, तर शब्दांची फेक, विराम व भावदर्शन यांतून ते गीत आपलेसे करण्यात दिसून येई. ध्वनिक्षेपकाच्या प्रसारानंतर बुलंद आवाजाची आवश्यकता उरली नाही आणि संभाषणाच्या जवळ जाणारी हळुवार गायकी रूढ झाली. १९५५ च्या सुमारास रॉक अँड रोल संगीताची लाट आल्यानंतर हा प्रकार मागे पडला. तथापि नाइट क्लब, रंगमंच व ध्वनिमुद्रिका यांद्वारे तो टिकून राहिला.

लीनाचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागात, एका सुशिक्षित कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आजी कोरा ही स्त्रियांचा मताधिकार व कृष्णवर्णीयांचे हक्क यांसाठी झटणारी कार्यकर्ती होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संस्थेची सभासद म्हणून तिने नातीचे नाव अगदी बालवयातच नोंदविले होते. लीना लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. आई एडना ही फिरत्या नाटकमंडळीत अभिनेत्री असल्यामुळे लीनाचे बालपण काही काळ आजीकडे, तर काही काळ आईबरोबर गावोगावी गेले. त्यामुळे तिच्या शालेय शिक्षणात खंड पडत गेला.

कुटुंबाच्या आर्थिक अडचणींमुळे १९३३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ‘कॉटन क्लब’ मध्ये समूहनर्तिका म्हणून दाखल झाली. या क्लबात रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत असत. प्रेक्षक म्हणून मात्र गोऱ्यांनाच प्रवेश असे. त्याच वर्षी तेथे एथेल वॉटर्स या गायिकेने आर्लेनचे ‘स्टॉर्मी वेदर’ हे गीत प्रथम लोकप्रिय केले. पुढे हेच गीत लीनाची ओळख बनले. नंतर तिने नोबल सिसल याच्या वाद्यवृंदात गायन केले. १९३७ मध्ये तिचा लुई जोन्स याच्याशी विवाह झाला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा झाला. तथापि हा विवाह टिकला नाही. चार्ली बार्नेट याच्या गोऱ्या वादकांच्या वाद्यवृंदात ती काही काळ गायिका होती. प्रवासात ज्या हॉटेलांत वादकांची सोय होई, त्यांतील अनेक ठिकाणी तिला मात्र प्रवेश नाकारला जाई. १९४१ मध्ये ‘कॅफे सोसायटी’ या, सर्व वर्णांच्या प्रेक्षकांना एकत्र बसू देणाऱ्या क्लबात ती गाऊ लागली. तेथे तिचा गायक-अभिनेता पॉल रोब्सन याच्याशी परिचय झाला आणि त्याच्या विचारांचा तिच्यावर प्रभाव पडला.

१९४२ मध्ये ‘मेट्रो-गोल्डविन-मायर’ या चित्रपटसंस्थेने तिच्याशी करार केला. त्या काळी कृष्णवर्णीय अभिनेत्रींच्या वाट्याला बहुधा मोलकरणीच्या भूमिका येत. आपण अशा भूमिका करणार नाही, अशी भूमिका तिने घेतली आणि तिला वडिलांचे व उपर्युक्त संस्थेचे पाठबळ लाभले. केबिन इन द स्काय व स्टॉर्मी वेदर (दोन्ही १९४३) या कृष्णवर्णीय कलावंतांच्या चित्रपटांत तिला कथानकात स्थान मिळाले. अन्य बहुतेक चित्रपटांत मात्र तिच्यावर एखादेच गीत चित्रित होई. उंची पोशाखात, एखाद्या खांबाला टेकून ती गीत गाई आणि कथानकातील पात्रांशी तिचा काहीही संबंध येत नसे. अशी दृश्ये स्वतंत्र ठेवण्यामागे व्यावहारिक हेतू होता : दक्षिणेकडील राज्यांत चित्रपट दाखविताना ती सहज कापून टाकता येत. शो बोट या संगीतिकेतील मिश्रवर्णीय जूलीची भूमिका करण्याची तिची इच्छा होती. टिल द क्लाउड्स रोल बाय (१९४६) या चित्रपटातील एका प्रवेशात तिने ती साकारलीही होती. परंतु १९५१ च्या शो बोट चित्रपटात ती भूमिका एव्हा गार्डनर या गोऱ्या अभिनेत्रीला देण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी छावण्यांत तिचे कार्यक्रम होत. कृष्णवर्णीय सैनिकांमध्ये तिची छायाचित्रे अत्यंत लोकप्रिय होती. एका छावणीत जर्मन युद्धकैद्यांना पुढे आणि कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांना त्यांच्या मागे बसविलेले पाहून तिने जाहीर निषेध केला. १९४७ मध्ये तिने लेनी हेटन या गोऱ्या संगीत-संयोजकाशी पॅरिसमध्ये विवाह केला. भिन्नवर्णीयांचे विवाह अमेरिकेच्या अनेक राज्यांत तेव्हा बेकायदा असल्याने हा विवाह सु. तीन वर्षे गुप्त ठेवावा लागला. रोब्सनशी असलेली मैत्री व पुरोगामी संघटनांशी असलेला संबंध यांमुळे १९५० मध्ये साम्यवादाचे सहानुभूतीदार ठरविलेल्या कलावंतांच्या यादीत तिचे नाव आले आणि चित्रपट व दूरचित्रवाणी ही क्षेत्रे तिला काही वर्षे जवळजवळ बंद झाली.

या बंदीमुळे ती पुन्हा नाइट क्लबच्या रंगमंचाकडे वळली आणि तेथेच तिची गायकी परिपक्व झाली. तिच्या आवाजाचा पल्ला फार मोठा नव्हता. स्पष्ट शब्दोच्चार, लयीवरील पकड आणि एकेका शब्दाला दिलेली धार ही तिची बलस्थाने होत. या गायनात एक प्रकारची अलिप्तताही होती. आपल्याशी समानतेने न वागणाऱ्या श्रोत्यांना गाणे द्यावे, पण स्वतःला त्यांच्यापासून दूर ठेवावे, या जाणिवेतून ती आली होती, असे तिनेच पुढे सांगितले. समीक्षकांनी ज्या संयमाची प्रशंसा केली, तो असा अंशतः आत्मसंरक्षणाचा मार्ग होता. १९५७ मध्ये लीना हॉर्न ॲट द वॉल्डॉर्फ अस्टोरिया ही तिच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली व तिचा मोठा खप झाला. त्याच वर्षी ब्रॉडवेवर आलेल्या आर्लेनच्या जमैका या संगीतिकेत तिने प्रमुख भूमिका केली. हा प्रयोग १९५९ पर्यंत चालला व टोनी पुरस्कारासाठी तिचे नामांकन झाले.

१९६० नंतर नागरी हक्कांच्या चळवळीत ती उघडपणे उतरली. मे १९६३ मध्ये महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांना भेटलेल्या, लेखक जेम्स बॉल्डविन याच्या पुढाकाराने जमलेल्या गटात ती होती. जूनमध्ये मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे तिने मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्यासमवेत सभेत भाग घेतला. त्यानंतर काही दिवसांतच एव्हर्सची हत्या झाली. ऑगस्टमधील वॉशिंग्टन मोर्चातही तिचा सहभाग होता. १९७०-७१ मध्ये वडील, मुलगा व पती या तिघांच्या मृत्यूंचे आघात तिला सोसावे लागले. या काळात तिच्या गायनातील अलिप्तता ओसरून आवाजात मोकळेपणा व आवेग आला.

या परिवर्तनाचे पूर्ण दर्शन लीना हॉर्न : द लेडी अँड हर म्यूझिक या तिच्या एकपात्री संगीतकार्यक्रमात घडले. १२ मे १९८१ रोजी ब्रॉडवेवर सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे ३३३ प्रयोग झाले. तिच्या पासष्टाव्या वाढदिवशी, ३० जून १९८२ रोजी, अखेरचा प्रयोग झाला. निवेदन व गायन यांतून तिने आपली जीवनकथा त्यात मांडली. ‘स्टॉर्मी वेदर’ हे गीत ती या कार्यक्रमात दोनदा गात असे : प्रथम हॉलिवुडला रुचलेल्या जुन्या, आटोपशीर ढंगात आणि नंतर पूर्ण ताकदीने, स्वतःच्या इच्छेप्रमाणे. शब्द व स्वररचना तीच असूनही दोन्ही गायनांतील अंतर श्रोत्यांना थेट जाणवे. या कार्यक्रमासाठी तिला विशेष टोनी पुरस्कार व त्याच्या ध्वनिमुद्रिकेसाठी ग्रॅमी पुरस्कार लाभले.

लीना (१९६५) हे तिचे आत्मचरित्र रिचर्ड शिकेल याच्या साहाय्याने लिहिलेले आहे. स्पिंगार्न पदक (१९८३), केनेडी सेंटरचा सन्मान (१९८४) व जीवनगौरवासाठीचा ग्रॅमी पुरस्कार (१९८९) हे तिला मिळालेले प्रमुख मानसन्मान होत. न्यूयॉर्क येथे तिचे निधन झाले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०२२ मध्ये ब्रॉडवेवरील ब्रूक्स ॲटकिन्सन नाट्यगृहास तिचे नाव देण्यात आले. कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव लाभलेले ते ब्रॉडवेवरील पहिलेच नाट्यगृह होय.