समासातले इंग्रजी वाचन

इंग्रजी उतारा एकट्याने वाचायला बसलेला विद्यार्थी बहुधा तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात अडखळतो. शब्दकोश उघडावा तर वाक्याचा धागा सुटतो, न उघडावा तर अर्थ हाती लागत नाही. मराठी माध्यमातून महाविद्यालयात आलेल्यांना हा अनुभव नवा नाही आणि त्यावरचा ‘गाइड’ नावाचा तोडगाही नवा नाही. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार इंग्रजी कादंबरी किंवा वृत्तपत्र विनासायास समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. त्याकरिता मूळ शब्द व त्याची रूपे मिळून एक, अशी ८ ते ९ हजार शब्दकुटुंबे ठाऊक हवीत. पदवीच्या पहिल्या वर्षी एवढी पुंजी किती जणांकडे असते?

यावर अनेक विद्यापीठांनी अनुसरलेला मार्ग म्हणजे संगणकावरचे सामूहिक वाचन. हार्वर्ड विद्यापीठात विकसित झालेली ‘पेरुसॉल’ ही प्रणाली त्यातली परिचित. तिचा आरंभीचा वापर पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकासाठी झाला, हे विशेष. एकच मजकूर गटातील सर्वांसमोर उघडतो. विद्यार्थ्याने अडलेले वाक्य रंगवायचे, समासात शंका लिहायची आणि इतरांनी तिथेच उत्तर द्यायचे.

साधे उदाहरण घेऊ. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीच, तर ‘अ फ्यू’ म्हणजे थोडेबहुत. मराठीत उपपदे नसल्याने हा ‘अ’ आपल्या नजरेतून सहज निसटतो आणि लेखकाचे म्हणणे उलटे होऊन बसते. एकट्या वाचकाला चूक झाल्याचा पत्ताही लागत नाही. गटात मात्र कोणीतरी हटकतो. शिवाय टिपणे कुठे दाटली आहेत, हे तासापूर्वीच पाहून प्राध्यापक नेमका तोच परिच्छेद शिकवायला घेऊ शकतात.

पद्धतीत खोट नाही असे नाही. टिपणांना गुण ठेवले की ‘छान मुद्दा’ छापाच्या प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून टिपण लिहून घेणेही सोपे झाले आहे. हुशार विद्यार्थ्याने आधी अर्थ सांगितला की बाकीचे माना डोलावतात. म्हणून गट लहान हवा आणि इतरांचे वाचण्याआधी प्रत्येकाने आपली एक शंका लिहिलेली हवी.

शंका इंग्रजीतच लिहिण्याची सक्ती तर मुळीच नको. ज्याला वाक्य कळलेले नाही, त्याने ते न कळल्याचे शुद्ध इंग्रजीत सांगावे, ही अपेक्षा अजबच. तो गप्प बसेल, आणि नेमकी त्याचीच शंका समासात यायला हवी होती. सुरुवातीचे टिपण मराठीत, चर्चेअंती सारांश इंग्रजीत, असा क्रम ठेवता येतो. ‘गूगल डॉक्स’सारख्या विनामूल्य सोयीतही टिपणे लिहिता येतात, चार विद्यार्थी आणि दोन पानांचा उतारा एवढ्यावर प्रारंभ करता येईल.